बर्फातलं पोर्वो

फिनलंडला येणारे आपल्याकडचे पर्यटक बहुतेक वेळा दोनच गोष्टी करतात. एक तर विमानाने थेट वर, सांताक्लॉजच्या रोव्हानिएमीला जातात, नाहीतर हेलसिंकीत मुक्काम करून टालिनची बोट धरतात. हेलसिंकीच्या पूर्वेला अवघ्या पन्नासेक किलोमीटरवरचं पोर्वो राहूनच जातं. जे जातात तेही जून-जुलैत, जेव्हा राजधानीच्या बंदरातून बोट सुटते आणि नदीकाठची उपाहारगृहं माणसांनी भरून वाहतात. मी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गेले. हे गाव हिवाळ्यातच बघावं, असं माझं तेव्हापासून ठाम मत झालं आहे.

माझी भाची एस्पूला असते. हेलसिंकीला लागूनच असलेल्या या शहरात आता बरीच मराठी कुटुंबं आहेत, बहुतेक संगणकाच्या नोकऱ्यांमधली. सुट्टीच्या दिवशी तिने मला हेलसिंकीतल्या कांप्पीच्या भुयारी बसस्थानकावरून बसमध्ये बसवलं आणि स्वतःही बरोबर आली. तासाभराचा रस्ता. बाहेर पाइन आणि बर्चची झाडं, मधूनच एखादं पांढरं शेत, त्यात एकटं उभं लाल कोठार. या दिवसांत सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो. भर दुपारीसुद्धा तो झाडांच्या शेंड्यांच्या जरासाच वर असतो. त्यामुळे दिवसभर सकाळचंच ऊन असल्यासारखं वाटतं: तिरपं, पिवळसर, लांबच लांब सावल्या पाडणारं. छायाचित्रकारांना असा उजेड एरवी दिवसातून तासभर मिळतो, इथे तो दिवसभर असतो.

बसमधून उतरलो तेव्हा पारा उणे बारावर होता. वारा नव्हता, त्यामुळे थंडी सोसवत होती. पदपथांवर बारीक खडी पसरलेली. बर्फ गोठून काच झालेला असतो, त्यावर पाय ठरावा म्हणून नगरपालिका हिवाळाभर ही खडी टाकते आणि वसंतात ती सगळी झाडून गोळा करते. शिवाय भाचीने माझ्या बुटांना खाली लोखंडी दातांचे रबरी पट्टे चढवले होते. घरांच्या कडेने चालायला लागले तशी ती म्हणाली, ‘‘मावशी, भिंतीजवळून नको चालूस. वर बघ आधी.’’ वर उतरत्या छपराच्या काठाला हातभर जाडीचा बर्फ लोंबत होता. त्या घरमालकाने खाली फुटपाथवर दोन फळ्या तिरप्या टेकवून ठेवल्या होत्या. या फळ्यांचा अर्थ इथल्या पोराटोरांनाही कळतो: वरून बर्फ कोसळेल, रस्त्याच्या मधून जा.

आम्हाला गाव दाखवायला एक बाई आल्या होत्या. इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका, मातृभाषा स्वीडिश. या गावात दहांतल्या तीनेक माणसांची भाषा स्वीडिश आहे, रस्त्यांच्या पाट्या दोन्ही भाषांत आहेत आणि गावाला नावंही दोन आहेत, फिनिशमध्ये पोर्वो आणि स्वीडिशमध्ये बोर्गो. बाईंनी आम्हाला सरळ जुन्या गावात नेलं नाही. आधी नदीच्या पश्चिम तीराला नेलं आणि जुन्या पुलाजवळ थांबवलं.

पोर्वोचं जे चित्र जगभर छापलं जातं ते इथून दिसतं. समोरच्या काठावर ओळीने उभी लाकडी गोदामं, सगळी एकाच गडद तांबड्या रंगाची, काही तर पाण्यात रोवलेल्या खांबांवर. त्यांच्यामागे चढावर पिवळी, फिकट निळी, गुलाबी घरं आणि सर्वांत वर चर्चचं उंच उतरतं छप्पर. उन्हाळ्यात या गोदामांचं प्रतिबिंब पाण्यात पडतं आणि लोक त्याचे फोटो काढतात. फेब्रुवारीत पाणीच दिसत नाही. नदी पांढरी, आकाश जवळजवळ पांढरं, आणि मधे तो तांबडा पट्टा. प्रतिबिंब नसल्यामुळे नजर थेट लाकडावर जाते. फळ्यांमधले सांधे, दारांच्या कड्या, ओंडके टोकाला एकमेकांत अडकवलेले कोपरे दिसायला लागतात.

ही गोदामं व्यापाऱ्यांची. समुद्रातून नदीत शिरलेल्या बोटी थेट त्यांच्या दाराशी लागत. मीठ, कॉफी, तंबाखू, मसाले, सुकी मासळी असा माल इथे उतरायचा. तांबडा रंग मात्र नंतरचा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव इकडे येणार होता, फिनलंड तेव्हा स्वीडनचाच भाग. राजाच्या स्वागताला गोदामं रंगवली गेली आणि मग तीच रीत झाली. रंगाची कृती बाईंनी स्वयंपाकाची कृती सांगावी तशी सांगितली. पाणी उकळायचं, त्यात हिराकस विरघळवायचा, मग राईचं पीठ घालून लापशीसारखं शिजवायचं आणि शेवटी लोहयुक्त तांबडी माती मिसळायची. स्वीडनमधल्या फालूनच्या तांब्याच्या खाणीतून निघालेली अशी माती पूर्वीपासून प्रसिद्ध. हा रंग लाकडाचा श्वास कोंडत नाही. फळीतला ओलावा बाहेर पडू देतो, उन्हापावसाने हळूहळू भुकटी होऊन झडतो, पण त्याचे पोपडे निघत नाहीत. पुन्हा रंगवताना खरवडायची फारशी गरज नाही. कुंचल्याने झाडायचं आणि वर नवा हात द्यायचा. स्वस्त आणि अंगच्या गुणाने टिकाऊ. मी हातमोजा काढून एका फळीवर बोट फिरवलं. बोटाला गेरूसारखी तांबूस पूड लागली.

नदीवर खाली, पूल मागे टाकून थोड्या अंतरावर, एक म्हातारा बर्फात भोक पाडून मासे धरत बसला होता. बुटकं स्टूल, शेजारी हाताने फिरवायचा लांब गिरमिट, आणि बोटभर लांबीची वाटावी अशी छोटी काठी. गळ्यात दोरीला ओवलेले दोन टोचे. बर्फ फुटून माणूस पाण्यात गेला, तर हे टोचे दोन्ही हातांनी बर्फात रोवून स्वतःला वर ओढायचं असतं. ओल्या हाताला गुळगुळीत बर्फावर दुसरं काहीच धरता येत नाही. घट्ट, पारदर्शक बर्फ पाच सेंटीमीटर जाड असला तर एक माणूस त्यावरून चालू शकतो, असं इथे मानतात. पण वाहत्या नदीवर हा हिशेब सगळीकडे सारखा लागू होत नाही. पुलाखाली, जिथे पाणी अरुंद होऊन जोरात जातं, तिथे बर्फ कडाक्याच्या थंडीतही पातळ राहतो. बाईंनी आम्हाला बर्फावर उतरू दिलं नाही. ‘‘तो माणूस ही नदी लहानपणापासून ओळखतो, तुम्ही नाही,’’ इतकंच म्हणाल्या.

पूल ओलांडून जुन्या गावात शिरलं की रस्ते एकदम अरुंद होतात, वळतात, चढतात. पोर्वोची स्थापना परंपरेने 1346 ची मानतात. तुर्कूनंतर फिनलंडमधलं हे दुसरं जुनं शहर. रस्त्यांची आखणी मध्ययुगातली, घरं मात्र बहुतेक 1760 नंतरची. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मोठी आग लागली आणि गावाचा सुमारे दोन तृतीयांश भाग जळून गेला. कुणाच्या तरी चुलीवर माशाचं सार शिजत होतं, तिथून आग पसरली, असं लोक अजून सांगतात. लाकडी घरं एकमेकांना खेटून. एक पेटलं की शेजारचं वाचणं अवघड. गाव पुन्हा बांधताना लोकांनी जुन्याच रस्त्यांवर, जुन्याच वळणांवर घरं उभी केली. चौकातलं जुनं नगरभवन 1764 चं, म्हणजे राखेतून उठल्यावर चार वर्षांत गावाने ते बांधून काढलं. आता त्यात संग्रहालय आहे.

मला सर्वांत आवडल्या त्या खिडक्या. हिवाळी घरांना खिडकीच्या दोन चौकटी असतात, बाहेरची आणि आतली, मधे वीतभर जागा. त्या पोकळीत पूर्वी कापूस किंवा वाळलेलं शेवाळ पसरत, म्हणजे ओल शोषली जाई, आणि त्यावर काहीतरी शोभेचं मांडत. ही सवय गेलेली नाही. एका खिडकीत शेवाळावर कागदी फुलं, दुसरीत चिनीमातीच्या कुत्र्यांची जोडी. पूर्वी खलाशी परदेशाहून असे कुत्रे आणत. नवरा समुद्रावर असला की बायको कुत्र्यांची तोंडं रस्त्याकडे करून ठेवायची आणि तो घरी आला की आत वळवायची, अशी इथली कथा. आणखी एक वस्तू काही घरांच्या बाहेर अजून लावलेली दिसते: खिडकीच्या चौकटीला लोखंडी दांडीवर तिरपे बसवलेले दोन छोटे आरसे. आत खुर्चीत बसून, पडदा न हलवता, रस्त्याची दोन्ही टोकं त्यांत दिसतात. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या दारी थांबलं. सहा-सहा महिने दारं बंद ठेवावी लागणाऱ्या मुलखात माणसाला माणूस दिसावं म्हणून केलेली ही सोय मला फार समजूतदार वाटली.

त्या गल्लीत एक आजीबाई उभ्या घसरगाडीवरून आल्या. दोन लांब लोखंडी पट्ट्या, पुढे खुर्ची, मागे धरायला दांडा. खुर्चीत वाणसामानाची पिशवी. एक पाय पट्टीवर आणि दुसऱ्याने मागे रेटा देत त्या चढ संपल्यावर सपाटीला आमच्यापेक्षा कितीतरी वेगाने निघून गेल्या.

टेकडीवरचं चर्च पंधराव्या शतकातलं. करड्या दगडाच्या जाड भिंती, वर विटांच्या नक्षीचा उंच त्रिकोण, घंटाघर वेगळं, बाजूला. 1721 च्या तहात रशियाने व्हीबोर्ग घेतलं, तेव्हा तिथलं बिशपचं आसन 1723 मध्ये इथे आलं आणि गावातल्या चर्चला कॅथेड्रलचा मान मिळाला. पण फिनलंडच्या इतिहासात या वास्तूचं नाव कोरलं गेलं ते 1809 मध्ये. स्वीडन आणि रशियाच्या युद्धात फिनलंड रशियाच्या ताब्यात गेला होता. युद्ध पुरतं संपायच्या आधीच, मार्चमध्ये, झार पहिला अलेक्झांडर पोर्वोला आला आणि त्याने फिनलंडच्या चारही वर्गांच्या प्रतिनिधींना, म्हणजे सरदार, धर्मगुरू, शहरवासी आणि शेतकरी यांना, इथे बोलावलं. याच चर्चमध्ये त्यांनी झारशी निष्ठेची शपथ घेतली आणि झारने त्यांचा धर्म, कायदे आणि हक्क अबाधित ठेवण्याचं वचन दिलं. फिनलंड रशियाचा सुभा न होता स्वायत्त महासंस्थान झाला. त्या वचनाच्या आधारावर इथे पुढे स्वतःची प्रशासनव्यवस्था, स्वतःचं चलन उभं राहिलं आणि 1917 च्या डिसेंबरमध्ये स्वातंत्र्य. एका परक्या बादशहाच्या शब्दातून एवढं घडलं, म्हणून त्याचा पुतळा आजही चर्चच्या आत आहे. मला तो पुतळा पाहून आश्चर्य वाटलं होतं. बाईंचं बोलणं ऐकल्यावर वाटलं नाही.

आत उभं असताना त्यांनी वर बोट दाखवलं. 2006 च्या मे महिन्यात एका रात्री कुणीतरी चर्चला आग लावली. छप्पर सगळं जळून कोसळलं. मध्ययुगातल्या गवंड्यांनी विटांची जी कमानदार छतं बांधली होती ती त्या आगीला पुरून उरली आणि आतलं सगळं वाचलं. 2008 मध्ये चर्च पुन्हा उघडलं. बाई त्या रात्री घराबाहेर येऊन उभ्या होत्या, त्यांच्यासारखी कितीतरी माणसं रस्त्यावर होती. सांगताना त्यांचा आवाज भरून आला आणि त्यांनी तो लपवला नाही.

हे गाव आगीत जळालं, आणि एकदा तर कागदावरच पाडलं गेलं होतं. एकोणिसाव्या शतकात, हेलसिंकीचा भव्य सिनेट चौक ज्याने घडवला त्या कार्ल लुडविग एंगेलने पोर्वोसाठी नवा आराखडा केला. सरळ रेघांचे रुंद रस्ते, मोकळे चौक. आगीच्या दृष्टीने तर्कशुद्ध. त्यासाठी जुन्या गावाचा मोठा भाग पाडावा लागणार होता. लोकांनी विरोध केला. शेवटी नवी वस्ती जुन्या गावाच्या दक्षिणेला उभी राहिली आणि जुनं तसंच राहिलं. आज त्या दोन्ही वस्त्यांतून चालताना फरक पायांना कळतो: वर वाकडेतिकडे गोट्यांचे रस्ते, खाली पट्टीने आखलेले. टिकवण्याचा निर्णय तेव्हाच्या सामान्य घरमालकांनी घेतला, हे मला फार मोठं वाटतं. आजही त्या लाकडी घरांत माणसं राहतात, छपरावरचा बर्फ उतरवतात, दाराशी खडी टाकतात, फळी कुजली की बदलतात. उन्हाळ्यात हे काम दिसत नाही, कारण दुकानांच्या पाट्या आणि फुलांच्या कुंड्या पुढे असतात. हिवाळ्यात प्रत्येक दारापुढे फावडं उभं असतं.

चर्चच्या पलीकडे, उत्तरेला, लिन्नामाकीची टेकडी आहे. मध्ययुगात इथे लाकूडमातीचा किल्ला होता. आता खंदक आणि मातीचे बांध तेवढे उरले आहेत, त्यांवर उंच पाइन. या गावाने एक मोठा चित्रकारही दिला. आल्बर्ट एडेलफेल्ट याच पोर्वो परिसरातला, जन्म 1854 चा. लुई पाश्चरचं प्रयोगशाळेतलं, हातात काचेची बरणी धरून बघणारं जे चित्र आपण विज्ञानाच्या पुस्तकांत पाहतो, ते त्याने 1885 मध्ये काढलेलं. तो पॅरिसला राहिला, नावारूपाला आला, आणि तरी आयुष्यभर उन्हाळे इथल्याच हाइक्को गावात घालवत राहिला.

पोर्वो म्हणजे नुसतं चित्र नाही, हेही सांगायला हवं. गावाच्या नैऋत्येला किल्पिलाहतीचा प्रचंड तेलशुद्धीकरण आणि रसायन कारखान्यांचा परिसर आहे. त्यावर इथल्या कितीतरी घरांच्या चुली चालतात. बाईंचा मुलगा तिथेच नोकरीला. जुनं गाव टिकायला पर्यटकांइतकाच त्या नोकऱ्यांचाही हात आहे, असं त्या म्हणाल्या आणि मला ते पटलं.

फेब्रुवारीत जाण्याचं खरं कारण मात्र पाच तारीख. योहान लुडविग रुनेबर्ग या कवीचा तो जन्मदिवस. 1804 साली जन्मलेला हा माणूस 1837 मध्ये पोर्वोच्या शाळेत शिकवायला आला आणि अखेरपर्यंत इथेच राहिला. तो लिहायचा स्वीडिशमध्ये, पण फिनलंडचं राष्ट्रगीत त्याचं आहे. दुष्काळात झाडाची साल भाकरीत मिसळून खाणाऱ्या गरीब शेतकऱ्याला त्याने कवितेत मानाने आणलं. सरळ रस्त्यांच्या नव्या वस्तीत त्याचं पिवळसर लाकडी घर आहे. 1882 पासून ते लोकांना पाहायला खुलं झालं. या देशातलं असं पहिलंच.

त्या घराच्या दिवाणखान्यात बंदुका आणि कोल्ह्यांची कातडी आहेत, कारण कवी शिकारीचा नादी होता. 1863 मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. पुढची तेरा वर्षं तो अंथरुणावर होता. बिछाना भिंतीशी, खिडकीतलं थेट दिसत नसे. म्हणून आरसा असा लावला की बाहेर दाणे टिपायला येणारे पक्षी त्याला पडल्या पडल्या दिसावेत. गावातल्या खिडक्यांवरचे आरसे नुकतेच पाहून आले होते, त्यामुळे या खोलीत मी बराच वेळ थांबले.

त्याला वाचून दाखवायची ती त्याची बायको, फ्रेद्रिका. तिच्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिच्या वाट्याला आलेली प्रसिद्धी फारच तोकडी आहे. नवरा हेलसिंकीत वृत्तपत्र चालवत असताना त्यातला बराच मजकूर ती तयार करायची. मुलांचा मोठा संसार सांभाळून तिने ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या. 1858 मध्ये आलेली तिची पहिली कादंबरी युद्धकाळातल्या घरातल्या बायकांवर आहे, रणांगणावरच्या पुरुषांवर नाही. फिनलंडमधल्या ऐतिहासिक कादंबरीच्या सुरुवातीच्या लेखकांत तिची गणना होते. झाडांची तिला विलक्षण माया होती आणि त्या घराच्या खिडक्यांत आजही कुंड्या आहेत. बाहेर उणे बारा आणि आत हिरवीगार पानं.

पण लोकांच्या तोंडी तिचं नाव आहे ते एका केकमुळे. पेल्याच्या आकाराचा छोटा उभा केक, बदामाचा चुरा आणि पावाचा किंवा आल्याच्या बिस्किटांचा चुरा घालून केलेला, वर रम किंवा अराकच्या पाकाने भिजवलेला. माथ्यावर साखरेच्या पांढऱ्या रिंगणात रास्पबेरीच्या जॅमचा लाल ठिपका. घरात गोड काही नव्हतं म्हणून तिने उरलंसुरलं एकत्र करून केला, अशी कथा आहे. तिच्या हस्तलिखित वहीत कृती सापडते; गावातल्या एका मिठाईवाल्याने तो आधीच बनवला होता असंही म्हणतात. देशभर तो जानेवारीपासून पाच फेब्रुवारीपर्यंत मिळतो, पोर्वोत वर्षभर. आम्ही चौकाजवळच्या एका बसक्या छताच्या उपाहारगृहात खाल्ला. बदामाचा दाणेदारपणा, मग अराकचा वास, आणि शेवटी रास्पबेरीची आंबट चव. कॉफी कडक, दुसरा पेला फुकट. भाचीने दोन बांधून घेतले.

जाणार असाल तर एवढं करा. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जा. कांप्पीहून सकाळची बस घ्या, म्हणजे साडेचारच्या आत उजेडात सगळं फिरून होईल. बुटांना दाते असलेले पट्टे हेलसिंकीतच विकत घ्या, लोकरीचे मोजे दोन जोड्या न्या. कवीचं घर दुरुस्तीसाठी कधी बंद असतं, तेव्हा आधी चौकशी करा. आणि हेलसिंकीचा मुक्काम दोन दिवसांचा असला, तर त्यातला एक पूर्ण दिवस पोर्वोला द्या.